डाव्या हाताची पेटी

कागदावर मी भांडखोर माणूस आहे, हे सुरुवातीलाच मान्य करतो. दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून आयुष्य गेले; नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. कुठे चूक दिसली की माझ्या हातून आधी दिनांक लिहिला जातो, मग ‘प्रति’, आणि राग त्याच्या मागून येतो. मेहकरच्या पोस्टात मी आत शिरलो की खिडकीमागचा माणूस न विचारता पोचपावतीचे कार्ड पुढे सरकवतो. गेल्या हिवाळ्यात मी बुद्धिबळाच्या एका पेटीवरून चार पत्रे लिहिली. चारही पत्रांतला प्रत्येक मुद्दा खरा होता. तरीही त्या प्रकरणात चूक माझीच होती, आणि ती माझ्याच हस्ताक्षरात नोंदलेली असावी असे मला वाटते.

माझा एक मित्र आहे. गावाबाहेर त्याचा भाजीपाल्याचा मळा आहे, तो राहतोही तिथेच. वांगी, मिरची, हिवाळ्यात मेथी. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला गेलो होतो. तिथे एका पालात शिसवी आणि पांढऱ्या लाकडाचे बुद्धिबळ दिसले. दोघांनाही हवे होते, आणि संच एकच होता. निम्मे पैसे त्याने दिले, निम्मे मी. परतीच्या बसमध्ये सिंदखेड राजा यायच्या आत भांडण सुरू झाले की हे आता राहणार कोणाकडे.

ते भांडण मी घरी आल्यावर कागदावर मिटवले. करारनामा तीन कलमांचा. पहिले कलम : डाव जिंकणाऱ्याने मोहरे आपल्या घरी न्यावेत, हरणाऱ्याने पट न्यावा. दुसरे : डाव बरोबरीत सुटल्यास ज्याच्याकडे जे होते तेच राहावे. तिसरे : मोहरे अथवा पट डाव खेळल्याशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जाणार नाहीत. सोबत परिशिष्ट जोडले, त्यात बत्तीसही मोहऱ्यांचे वर्णन आणि फूटपट्टीने घेतलेली मापे : राजा साडेतीन इंच, हत्तीचे बूड सव्वा इंच, इत्यादी. मित्राने सही करताना विचारले होते, “प्याद्यायच्या बापाचं नाव नाई लिहिलं का बे वकिला?” मी वकील कधीच नव्हतो. तो मला तेव्हापासून वकील म्हणतो.

त्या कराराने एक गोष्ट आपोआप घडली. पट एका घरी आणि मोहरे दुसऱ्या घरी, म्हणजे दोघांपैकी कोणालाही तिसऱ्या माणसाशी खेळता येईना. खेळायचे तर एकमेकांकडेच जावे लागे. आठवड्यातून दोनदा तरी आम्ही गेलो. मध्ये त्याच्या विहिरीच्या वाटेवरून आमचे सहा महिने बोलणे बंद होते. तेव्हाही डाव बंद नव्हता, कारण तिसरे कलम त्यालाही मान्य होते. फक्त ‘शह’ तेवढा मोठ्याने म्हणायचा.

मोहरे तो एका पिशवीत नेत असे. वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, जुन्या सतरंजीच्या तुकड्याची शिवलेली, तोंडाशी नाडी असलेली. गेल्या दसऱ्याच्या आधी त्याने मला प्याद्याने मात दिली. आमच्याकडच्या जुन्या खेळात प्यादेमात ही सगळ्यांत मानाची. वजिराने मारणे हे कोणालाही जमते. पायदळाच्या शेवटच्या शिपायाने राजाला कोंडणे याला जिगर लागते, असे तो म्हणतो. त्या दिवशी तो नाडी ओढून, पिशवी खांद्यावर टाकून, गुणगुणत गेला. चार दिवसांनी त्याला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्याला दोनदा भेटलो. बोलणे थोडे जड झाले होते, डोके शाबूत होते. मी डावाचा विषय काढला की तो मळ्याचा काढी. मग एका सकाळी वहिनी स्वतःच माझ्या दारात आल्या. हातात ती पिशवी.

“भाऊजी, हे ठेवून घ्या. थे म्हनतात, आता नाई खेळायचं.”

मी पिशवीकडे पाहिले, हात पुढे केला नाही. ती पिशवी मी घेतली असती तर आमचा खेळ त्या क्षणी संपला असता. पट माझ्याकडे होताच. मोहरेही आले की त्याला माझ्याकडे येण्याचे आणि मला त्याच्याकडे जाण्याचे कारणच उरत नव्हते. पण हे मी वहिनींना म्हणालो नाही. मी म्हणालो, “वहिनी, तिसऱ्या कलमाप्रमाणे डाव झाल्याशिवाय मला मोहरे घेता येत नाहीत.”

 वहिनी म्हणाल्या, “पिशवी पडली होती हातून. घोड्याचा एक कान तुटला. म्हून म्हनत असतीन.”

घोड्याचा कान तुटला! मला एकदम धागा सापडल्यासारखे झाले. तीस वर्षे परिशिष्टासह जपलेला संच, आणि ठेवायला सतरंजीची पिशवी. दोष पिशवीचा. “त्याला सांगा, मी मोहऱ्यांसाठी चांगली पेटी आणतो. मग खेळू,” असे म्हणून मी त्यांना पिशवीसह परत पाठवले. त्या फाटकापाशी थांबल्या, पिशवीची नाडी पुन्हा आवळली, आणि गेल्या.

पहिली पेटी मी मोबाईलवरून मागवली. मिटला की पेटी होते, उघडला की पट होतो, अशा प्रकारची. जाहिरातीत खोली दोन इंच लिहिली होती. घरी आल्यावर मी फूटपट्टी लावली : आतली खोली जेमतेम एक इंच. दोन इंच होते ते बाहेरून, बिजागरीसकट. सव्वा इंची बुडाचा हत्ती आडवा ठेवला तरी झाकण बसणार नव्हते. मी विक्रेत्याला पत्र लिहिले. ‘खोली’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ वस्तू मावण्याजोगी जागा असाच होतो, बाहेरचा आकार हा अर्थ कोणत्याही सुजाण ग्राहकाने गृहीत धरलेला नसतो, इत्यादी. उत्तर मोबाईलवर आले : आपल्या भावना आम्ही समजू शकतो. मी दुसरे पत्र लिहिले : माझ्या भावना समजून घेण्याची मागणी मी केलेलीच नाही, झाकण बसत नाही एवढीच माझी तक्रार आहे. त्यावर पुन्हा तेच उत्तर, तेच शब्द. तेव्हा तिसरे पत्र ग्राहक आयोगाकडे जाण्याच्या इशाऱ्याचे, आणि चौथे त्या तिसऱ्याचे स्मरणपत्र.

चौथ्या पत्राला मी तिकिटे लावत असताना माझी पत्नी भाजी निवडत समोर बसली होती. ती म्हणाली, “पेटीले चार पत्रं झाली. मानसाले किती खेपा झाल्या?”

“पेटी आल्याशिवाय जाऊन काय करू?”

“हाव, पेटीच बसनार हाये ना त्यायच्यापाशी गोष्टी करत.”

मला राग आला. खरे तर त्या महिन्यात मी एकदाही मळ्यात गेलो नव्हतो. विक्रेत्याने पुढे पेटी परत घेतली. ती गेली हे बरेच झाले. तिच्यात पट आणि मोहरे एकाच घरी राहिले असते, म्हणजे पहिले कलमच बाद झाले असते, हे मला चार पत्रांत एकदाही सुचले नव्हते.

दुसरी पेटी बुलढाण्याहून आणली. निवृत्तिवेतनासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या बोटांच्या रेषा झिजल्याने इथल्या यंत्राला माझा अंगठा पटेना, म्हणून जिल्ह्याच्या गावी जाऊन मी जिवंत असल्याचे सिद्ध करून आलो. या प्रथेवर माझे स्वतंत्र मत आहे आणि ते संबंधितांना लेखी कळवलेले आहे. येताना एका भेटवस्तूंच्या दुकानात दागिन्यांच्या पेट्या दिसल्या. शिसवी रंग, आत लाल मखमल, बत्तीस नाही पण छत्तीस खाने, समोर पितळी कडी आणि कडीला खिट्टी. प्रत्येक मोहऱ्याला स्वतःची जागा! मी परिशिष्ट खिशातून काढून दुकानातच मापे ताडून पाहिली. राजा बरोबर बसत होता. बसमध्ये ती पेटी मी मांडीवर धरून आणली.

मित्र बाजेवर उशाला टेकून बसला होता. मी पेटी त्याच्या मांडीवर ठेवली. “उघड,” मी म्हणालो.

त्याने डावा हात कडीवर नेला. खिट्टी बाहेर ओढायची तर पेटी दुसऱ्या हाताने धरून ठेवावी लागते. पेटी मांडीवरून सरकली. त्याने गुडघ्याने अडवली, पुन्हा बोटे खिट्टीवर नेली. खिट्टी गुळगुळीत होती, बोट घसरले. पुन्हा घसरले. मी मखमलीविषयी काही तरी सांगत होतो. वहिनी चुलीकडे तोंड फिरवून, धुतलेलीच भांडी परत विसळू लागल्या. मग तो थांबला. पेटी उघडली नव्हती.

“झकास हाये,” तो म्हणाला. “सोनं ठेवजो याच्यात. तुह्या घरी वहिनीले देऊन दे.”

“अरे, पण मोहरे...”

“मोहऱ्यायचं काय? थे कधी पडून-झडून रडले का? लय बोलतं बे तू.”

मी पेटी घेऊन बाहेर पडलो. मळ्याच्या बांधावर मिरच्या तोडणीला आल्या होत्या, कोणी तोडत नव्हते. रस्त्याला लागेपर्यंत मी मनातल्या मनात दुकानदाराला पत्र लिहीत होतो, की अशी खिट्टी बसवणे हे सदोष उत्पादन ठरते. आणि अर्ध्या वाटेवर माझे मलाच कळले की दुकानदाराने मला काहीही खोटे सांगितले नव्हते. मी त्याला साडेतीन इंचांचा राजा सांगितला होता. माझ्या मित्राविषयी मी त्याच्यापाशी एक शब्दही काढला नव्हता.

पाच-सहा दिवस मी कोणालाच पत्र लिहिले नाही. मग सुताराकडे गेलो. बसस्थानकाच्या मागे त्याचे काम चालते. दारे, खिडक्या, क्वचित बैलगाडीची दुरुस्ती. मी परिशिष्टाची प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट पाहिली, पेन्सिल कानावर खोचली.

“सायेब, मापं त चोख हायेत. पन पेटी उघडनारा कोन?”

मी सांगितले.

“कोन्ता हात गेला?”

“उजवा.”

“मंग हे राजा-वजिराचं माप माह्या काय कामाचं? त्या डाव्या हाताचं माप आना. वीत किती, आन् आंगठा कुठवर वाकते. थे आनल्याबिगर म्या लाकडाले हात नाई लावत.”

“आणि आत खाने?” मी विचारले.

“खाने बोटवाल्याले. मूठवाल्याले मोठा खड्डा पायजे.”

वास्तविक मला असे कोणी बोललेले चालत नाही. मी निमूटपणे घरी आलो, फायलीतला एक लांब कागद काढला, पेन्सिलीला टोक केले आणि मळ्याची वाट धरली.

मित्र उन्हात बाज टाकून बसला होता. पेटीशिवाय आलेलो पाहून त्याला बरे वाटले असावे. मी कागद एका पाटीवर ठेवून ती पाटी त्याच्यापुढे धरली.

“डावा हात ठेव याच्यावर.”

“काऊन? आंगठा घेऊन राह्यला का? वावर लिहून घेतं का बे मरायच्या आंधी?”

“माप घेतो आहे. ठेव मुकाट्यानं.”

त्याने पंजा पसरला. मी पेन्सिल त्याच्या बोटांच्या कडेने फिरवू लागलो. तीस वर्षे तो हात मी पटावर येताना पाहिला होता, म्हणजे उजवा पाहिला होता. डावा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. करंगळीशेजारच्या बोटावर विळ्याची जुनी खूण, नखांत मळ्याची माती नव्हती. अंगठा आतून मोजायला मी त्याला वाकवायला सांगितले. तो अर्धा वाकला आणि थांबला.

“एवढाच,” तो म्हणाला. मग, माझ्याकडे न पाहता : “कान काई पडून नाई तुटला घोड्याचा.”

“मग?”

“माह्या बुडाखाली आला थो. हे, तुही वहिनी, देवळात गेली होती. म्हनलं, वकील पट घेऊन येईन त आपन मोहरे काढून ठेवू. पिशवीची गाठ सुटेना. दातानं सोडली. सुटली थे एकदमच सुटली, सारे खाली. उंट बाजेखाली गेला. म्या घ्याले वाकलो, त म्याही खाली. आन् मंग उठता येईना. हे घरी येईपरेंत तथंच बसून राह्यलो, उंट हातात घेऊन.” तो थोडा हसला. “मंग ठरवलं, नको. उद्या तुह्यासमोर असं झालं त?”

 मी अंगठ्याची रेघ पुन्हा एकदा गिरवली; त्याचा हात अजून कागदावर होता. तो म्हणाला, “झालं का माप? का आता पायाचंही घेतं?”

संक्रांतीच्या आधी पेटी तयार झाली. दिसायला ती पेटी काही खास नाही. जुन्या चौकटीच्या सागवानाची, तळाशी सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवलेले, म्हणजे ती जागची हलत नाही. कडी नाही, खिट्टी नाही. झाकण खाचेतून बाजूला सरकते आणि शेवटाला जाऊन अडते. सुटून पडत नाही. झाकणाच्या एका टोकाला अर्धा वाकलेला अंगठा बरोबर बसेल असा खळगा. सुताराने माझा कागद भिंतीला खिळ्याने टोचून ठेवला होता. त्याने तो परत दिला नाही, मीही मागितला नाही.

दसऱ्याआधीच्या डावात हरल्यापासून पट माझ्याकडे होता. तो काखेत मारून, पेटी हातात घेऊन मी गेलो. वहिनींनी मोहरे पेटीत ओतून दिले, झाकण लावले आणि पेटी त्याच्यापुढे चौरंगावर ठेवली. त्याने अंगठा खळग्यात घातला. झाकण बोटभर सरकले आणि अडकले. नवे लाकूड. माझा हात पुढे गेला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “हात मागं घ्या.”

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. त्याने दम घेतला, तळवा झाकणावर टेकवला, पुन्हा लावले. झाकण करकरत शेवटपर्यंत गेले आणि अडले.  मूठ आत घालून त्याने पाच-सहा मोहरे एकदम काढले आणि पटावर सोडले. वहिनी म्हणाल्या, “तिफनीवर बी सोडाले असाच मूठ भरत जाय. एक दाना तासाबाहेर नसे पडत.” सगळे मोहरे घरांत उभे राहायला बराच वेळ लागला. एक प्यादे तीनदा पडले. मी छपराचे वासे मोजत बसलो. ते अकरा आहेत. कानतुटका घोडा त्याने माझ्या बाजूला लावला.

डाव सुरू झाला आणि विसाव्या खेळीच्या सुमारास मी एक विचार केला, जो करायला नको होता. मी जिंकलो तर पहिल्या कलमाप्रमाणे मोहरे, अर्थात पेटीसह, माझ्या घरी येणार. ही पेटी त्याच्या हाताची. ती आज त्याच्याकडेच राहावी म्हणून मी माझा हत्ती त्याच्या उंटाच्या वाटेत नेऊन ठेवला.

त्याने हत्तीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “हे काय?”

“चाल.”

“भीक देऊन राह्यला का बे? लकवा हाताले झाला, डोक्श्याले नाई. उचल थो हत्ती.”

“केलेली चाल परत घेता येत नाही.”

“येते. म्या म्हनतो ना. उचल, नाई त पेटी घेऊन चालता हो, आन् पुन्हा येजो नको.”

त्याचा चेहरा लाल झाला होता. इतक्या महिन्यांत त्याला रागावलेले मी प्रथमच पाहत होतो. मी हत्ती उचलला. त्यानंतर मी जसा एरवी खेळतो तसा, म्हणजे निष्ठुरपणे खेळलो, आणि त्यानेही मला दोनदा चांगलेच कोंडीत धरले. अखेर मी वजिराने मात दिली.

“वजिरानं कोनीबी मारते,” तो म्हणाला. “प्याद्यानं मारून दाखोजो.”

मोहरे त्याने स्वतः पेटीत टाकले, एकेक मूठ. झाकणही त्यानेच लावले. मग पेटी माझ्याकडे सरकवली आणि पट स्वतःच्या उशाशी ओढून घेतला.

“परवा आनजो. आन् आयक. घरी जाऊन झाकन उघडशीन बिघडशीन, त करार खतम. हे झाकन उघडाचं काम माह्यं.”

“तोंडी सांगितलेलं चालत नाही. लेखी लागतं.”

“मंग लिही ना. तुले कायले ठेवलं हाये?”

मी त्या दिवशी घरी येऊन फाईल काढली आणि तीस वर्षांत प्रथमच करारनाम्याला चौथे कलम जोडले : पेटी कोणाच्याही ताब्यात असो, तिचे झाकण पक्षकार क्रमांक दोन, म्हणजे माझा मित्र, याच्याखेरीज कोणीही उघडू नये. पत्नीने पेटी हातात घेऊन कानाशी हलवून पाहिली. “पाहू तरी द्या आतून कशी हाये,” ती म्हणाली. मी कलम वाचून दाखवले. तिने पेटी फडताळात ठेवली, पितळी कडीच्या त्या दुसऱ्या पेटीशेजारी, जिच्यात आता ती सुया-दोरे ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी आणि करारनामा घेऊन मळ्यात गेलो तेव्हा त्याने पट आधीच चौरंगावर मांडून ठेवला होता आणि चौथ्या कलमाखाली सही करण्यासाठी पेन मागितले. डाव्या हाताने केलेली ती सही पूर्वीच्या सहीशी जुळत नाही. कोणत्याही कार्यालयाने ती नाकारली असती. मी तिच्याखाली ‘माझ्या समक्ष’ असे लिहून सही केली.